मेडिकलचा नंबर हुकला तर? दुसरी वाट आधीच ठरवा

जून महिन्यातली दुपार. मोबाईलवर निकालाचा आकडा दिसला आणि घरात एकदम शांतता पसरली. मुलगी दुसऱ्यांदा नीटला बसली होती. पहिल्या वर्षी थोडक्यात हुकले म्हणून वर्षभर घरी राहून, क्लास लावून तिने पुन्हा तयारी केली होती. गुण वाढले, पण सरकारी महाविद्यालयात नंबर लागेल इतके नाही.

बाबा म्हणाले, ''आणखी एक वर्ष देऊ. इतका खर्च केलाय, तो वाया का घालवायचा?'' आत्याचा फोन आला, ''किती वर्षं घरी बसवणार तिला? बीएस्सीला घाला आणि स्थळं बघायला लागा.'' धाकट्या भावाची अकरावीची फी भरायची होती, त्यामुळे आई मनातल्या मनात हिशेब मांडत होती. मुलगी मात्र काहीच बोलली नाही. तिला काय वाटते, हे अजून कुणी विचारलेच नव्हते.

हे चित्र काही एकाच घरातले नाही. लातूर, नांदेड, नागपूर, पुणे येथेच नव्हे, तर इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव येथे स्थायिक झालेल्या मराठी घरांतही दरवर्षी हेच घडते. डॉक्टर होण्याचे स्वप्न बघणे चांगलेच आहे. चूक होते ती पुढेच. मेडिकल नाही मिळाले तर काय, हा प्रश्न निकाल लागेपर्यंत कुणी तोंडातून काढतच नाही. तो विचारणे म्हणजे अपशकुन, असे जणू सगळ्यांनी ठरवून टाकलेले असते.

आकडे काय सांगतात?

२०२५ मध्ये देशभरातून सुमारे २२ लाख मुलामुलींनी नीट दिली. त्यांपैकी सुमारे १२ लाख ३६ हजार पात्र ठरले. मात्र एमबीबीएसच्या देशातल्या एकूण जागा सव्वा लाखाच्या आतबाहेर आहेत. म्हणजे परीक्षेला बसलेल्या साधारण सतरा-अठरा जणांमागे एक जागा. त्यातही परवडणाऱ्या शुल्काच्या सरकारी जागा साधारण निम्म्याच. उरलेल्या खाजगी महाविद्यालयांतील जागांचे शुल्क वर्षाला अनेक लाखांत जाते.

तेव्हा 'आमची मुलगी नीट पास झाली' हे वाक्य ऐकून पेढे वाटण्याची घाई करू नये. पात्र ठरणे वेगळे आणि प्रवेश मिळणे वेगळे. तसेच ज्या मुलांना प्रवेश मिळत नाही ती सगळी अभ्यासात कच्ची असतात, असेही नाही. जागाच कमी आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

गुणांची तुलना करतानाही पालकांची फसगत होते. २०२४ च्या सुधारित निकालात १७ जणांना ७२० पैकी ७२० गुण होते. २०२५ मध्ये प्रश्नपत्रिका कठीण निघाली आणि देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याचे गुण होते ६८६. म्हणून 'गेल्या वर्षी इतके होते, यंदा कमी झाले' असे म्हणून मुलांना बोलण्यापूर्वी देशपातळीवरचा क्रमांक पाहावा. क्रमांक पुढे सरकला की मागे गेला, यावरूनच खरी प्रगती कळते.

आधी गैरसमज दूर करा

पहिला गैरसमज असा, की एक-दोन प्रयत्नांत जमले नाही तर दार कायमचे बंद होते. वास्तविक २०२२ पासून नीटला वयाची वरची मर्यादा राहिलेली नाही आणि प्रयत्नांच्या संख्येवरही बंधन नाही. एखाद्या मुलीने तीन-चार वर्षांची पदवी घेतली आणि त्यानंतरही तिची इच्छा टिकून राहिली, तर ती पुन्हा परीक्षा देऊ शकते. 'आत्ता नाही तर कधीच नाही' ही भीती खरी नाही.

दुसरा गैरसमज याच्या अगदी उलट आहे. 'आधी बीडीएस किंवा बीएएमएसला प्रवेश घेऊ, नंतर तिथून एमबीबीएसला जाता येईल' असे काही जण सांगतात. तसे मधूनच एमबीबीएसच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला जाता येत नाही. कुठलीही पदवी घेतली तरी नीट द्यावीच लागते आणि एमबीबीएस पहिल्या वर्षापासूनच सुरू होते. बीएस्सीचे गुणही त्या प्रवेशात धरले जात नाहीत.

अमेरिकेतले मामा-मावशी कधीकधी फोनवरून सल्ला देतात, ''आधी ग्रॅज्युएशन करू दे, मग मेडिकल.'' तिथे ते बरोबर आहे, कारण तिथे चार वर्षांच्या पदवीनंतर वेगळी प्रवेश परीक्षा देऊन वैद्यकीय महाविद्यालयात जातात. आपल्याकडे रचना निराळी असल्याने तो सल्ला जसाच्या तसा उपयोगी पडत नाही.

तिसरा गैरसमज, बीएस्सी करता करता नीटचा अभ्यास आपोआप होतो. नीटचा अभ्यासक्रम अकरावी-बारावीचा आहे. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाचे विषय त्याच्या पुढचे असतात. त्यामुळे पदवी सांभाळून नीटसाठी वेगळा वेळ काढावाच लागतो.

सोबतीची पदवी की स्वतंत्र वाट?

पर्याय निवडताना आधी घरात एका गोष्टीचा निकाल लावावा. मुलीला पुढच्या मे महिन्यात पुन्हा नीट द्यायची आहे का?

द्यायची असेल, तर तिला अशी पदवी हवी जी तयारीच्या सोबतीने चालेल. घराजवळच्या महाविद्यालयातील बीएस्सी, बीए किंवा मुक्त विद्यापीठाचा अभ्यासक्रम यासाठी बरा. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि देशभर केंद्रे असलेले इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ यांचे अभ्यासक्रम घरी राहून करता येतात. वर्ष पूर्ण कोरे जात नाही आणि मुलगी 'काय करतेस?' या प्रश्नाला मान वर करून उत्तर देऊ शकते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार अनेक विद्यापीठांत एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची आणि मिळवलेले श्रेयांक जपून ठेवण्याची सोय आहे. प्रवेश घेताना ही सोय त्या महाविद्यालयात प्रत्यक्षात आहे का, हे विचारून घ्यावे. नेहमीच्या महाविद्यालयात हजेरीचा नियम कितपत कडक आहे, याचीही चौकशी करावी.

पुन्हा द्यायची नसेल, किंवा द्यायचीच अशी ओढ उरली नसेल, तर मात्र स्वतःच्या पायावर उभे करणारी वाट शोधावी. बीएएमएस, फिजिओथेरपी, नर्सिंग, बी. फार्म. यांसारखे अभ्यासक्रम पूर्ण वेळ मागतात. दिवसभर प्रात्यक्षिके, हजेरी, चाचण्या. एक पाय इथे आणि एक पाय नीटच्या क्लासमध्ये ठेवणाऱ्या मुलांची दोन्हीकडे ओढाताण होते. अशा अभ्यासक्रमाला जायचे तर मनापासून जावे.

यासाठी एक साधा प्रश्न मुलीला विचारून पाहावा: ''समज, मेडिकल कधीच मिळालं नाही, तर हे शिक्षण तू आनंदाने पूर्ण करशील का?'' उत्तर 'हो' असेल तर पर्याय योग्य. 'नाइलाज म्हणून करीन' असेल तर आणखी शोध घ्यावा.

कोणत्या वाटा आहेत?

आयुर्वेद आणि होमिओपॅथी: बीएएमएस आणि बीएचएमएस हे दोन्ही अभ्यासक्रम एका वर्षाच्या प्रशिक्षणासह साडेपाच वर्षांचे आहेत. प्रवेश नीटच्या गुणांवरच होतो. त्या शास्त्रावर विश्वास असेल तरच इकडे वळावे. 'नावापुढे डॉक्टर लागतं ना, मग झालं' या विचाराने गेलेली मुले पुढे मनातून खट्टू राहतात आणि तो त्या शास्त्रावरही अन्याय आहे.

दंतवैद्यक: बीडीएस पाच वर्षांचे. प्रवेश नीटमधूनच. हाताचे कसब, बारीक कामाची आवड हवी. स्वतःचा दवाखाना थाटायचा तर खुर्ची आणि यंत्रसामग्रीचा मोठा खर्च असतो, तो आधीच लक्षात घ्यावा.

पशुवैद्यक: जनावरांची आवड असणाऱ्या मुलामुलींसाठी उत्तम. साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम. महाराष्ट्रात प्रवेशासाठी नीटचे गुण धरतात. पदवीनंतर लोकसेवा आयोगामार्फत पशुधन विकास अधिकारी होता येते. मुलींना हे जमणार नाही, हा समज मुलींनी केव्हाच खोटा ठरवला आहे.

फिजिओथेरपी: अपघातानंतर, पक्षाघातानंतर, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर माणसाला पुन्हा चालते करणारे हे शास्त्र. महाराष्ट्रात याही प्रवेशाला नीट लागते. वाचा आणि श्रवण यांच्या उपचारांचा अभ्यासक्रमही याच गटात येतो. तो फार थोड्या पालकांना ठाऊक असतो.

नर्सिंग: चार वर्षांची बीएस्सी नर्सिंग पदवी. महाराष्ट्रात यासाठी स्वतंत्र सीईटी होते. रुग्णालयात रुग्णाच्या सर्वांत जवळ असते ती परिचारिकाच. सरकारी रुग्णालयांत आणि परदेशातही या पदवीला मागणी आहे. 'नर्स म्हणजे कमी दर्जाचं काम' असे म्हणणाऱ्यांनी करोनाच्या काळातले दिवस आठवावेत.

औषधनिर्माण शास्त्र: बी. फार्म. चार वर्षांचे. महाराष्ट्रात एमएचटी-सीईटीच्या भौतिक-रसायन-जीवशास्त्र गटातून प्रवेश मिळतो. औषध कंपन्यांत संशोधन, उत्पादन, गुणवत्ता तपासणी अशी कामे असतात. नोंदणीकृत फार्मासिस्ट असल्याशिवाय औषधाचे दुकान चालवता येत नाही, त्यामुळे स्वतःच्या व्यवसायाचाही मार्ग खुला राहतो. औषध निरीक्षकाच्या पदासाठीही ही पदवी चालते.

कृषी: कृषी विद्यापीठांची चार वर्षांची पदवी. सीईटीतूनच प्रवेश. स्पर्धा परीक्षांकडे जाणारी अनेक मुले ही वाट धरतात.

शुद्ध विज्ञान: सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, जीवरसायनशास्त्र यांची बीएस्सी. इथे पालकांनी एक गोष्ट मोकळेपणाने जाणून घ्यावी. नुसत्या बीएस्सीवर चांगली नोकरी क्वचितच मिळते. एमएस्सी आणि पुढे संशोधन करण्याची तयारी असेल तरच या पदवीचे चीज होते. ज्यांना ही आवड आहे त्यांनी पुण्यासह सात ठिकाणी असलेल्या आयसर या राष्ट्रीय विज्ञानसंस्थांच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची माहिती घ्यावी. त्यांची प्रवेश परीक्षा वेगळी असते.

याखेरीज रक्त-लघवी तपासणीचे तंत्रज्ञान, नेत्रपरीक्षण, क्ष-किरण तंत्रज्ञान, आहारशास्त्र, मानसशास्त्र अशा कितीतरी शाखा आहेत. विज्ञान शाखेतली मुलगी पाच वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमालाही जाऊ शकते. अकरावीत गणित आणि जीवशास्त्र दोन्ही विषय घेतलेल्यांना तर आणखी दारे उघडी राहतात.

अर्ज निकालाच्या आधीच

सर्वांत मोठी चूक होते ती वेळेची. नीटचा निकाल साधारण जूनमध्ये लागतो आणि मेडिकलच्या प्रवेश फेऱ्या पुढे कित्येक महिने चालतात. पण एमएचटी-सीईटी आणि इतर प्रवेश परीक्षांचे अर्ज हिवाळ्यातच सुरू होतात आणि उन्हाळ्यात परीक्षा उरकतातही. निकाल पाहून पर्याय शोधायला बसणाऱ्यांना कळते की अर्जाची मुदत केव्हाच संपली. मग हाती उरते ती जवळच्या महाविद्यालयातली, कुणाला नको असलेली जागा.

म्हणून बारावीच्या जानेवारी-फेब्रुवारीतच दोन-तीन पर्यायी परीक्षांचे अर्ज भरून टाकावेत. एमएचटी-सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत आणि नीटचा अभ्यास तिथेही बराच उपयोगी पडतो. काही हजार रुपये जातील, पण पुढचे वर्ष वाचेल.

कागदपत्रांचीही तयारी ठेवावी. अधिवास दाखला, जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला ही कागदपत्रे ऐनवेळी मिळत नाहीत. मधले वर्ष घरी गेले असेल तर त्याचे प्रतिज्ञापत्र अनेक ठिकाणी मागतात.

मुलाला क्लाससाठी कोट्याला पाठवणाऱ्या पालकांनी आणखी एक काळजी घ्यावी. सरकारी महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून आणि उरलेल्या बहुतेक राज्यातल्या मुलांमधून भरतात. महाराष्ट्राच्या कोट्यासाठी सामान्यतः अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण असावी लागतात. बारावी परराज्यातून केली, तर ८५ टक्क्यांचे दार बंद होऊ शकते. परराज्यात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनीही आपले मूल कोणत्या राज्याच्या कोट्यात बसते, हे दहावीतच तपासून पाहावे.

मुलींच्या पालकांसाठी एक दिलासाही आहे. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून वार्षिक ८ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. 'मुलीवर एवढा खर्च कशाला?' या जुन्या प्रश्नाची धार त्यामुळे थोडी तरी बोथट झाली आहे.

जागा सोडण्यापूर्वी

हातात एक प्रवेश आहे आणि दुसरीकडे चांगला मिळण्याची आशा आहे, अशा वेळी घाई करू नये. मूळ कागदपत्रे पहिल्या महाविद्यालयात अडकलेली असतात. ठरावीक फेरीनंतर जागा सोडली तर अनामत जप्त होणे, शुल्क बुडणे, पुढच्या फेऱ्यांतून बाद होणे, असे प्रकार घडतात. हे नियम बदलत असतात, त्यामुळे शेजाऱ्याच्या मुलाचे गेल्या वर्षी काय झाले यावर विसंबून न राहता त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी.

निकालानंतर दलालांचे फोनही सुरू होतात. कुणी 'सीट नक्की करून देतो' म्हणून आगाऊ रक्कम मागतो, तर कुणी परदेशातल्या स्वस्त मेडिकलचे चित्र रंगवतो. परदेशी जाण्यासाठीही नीट पात्रता लागते. २०२१ च्या नियमांनुसार तिथला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमातला आणि त्यानंतर बारा महिन्यांचे प्रशिक्षण असलेला हवा. परतल्यावर इथली पात्रता परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय डॉक्टर म्हणून काम करता येत नाही. घर गहाण ठेवण्यापूर्वी हे सगळे तपासलेच पाहिजे.

किती वेळा बसायचे?

याचे एकच उत्तर सर्वांना लागू पडणार नाही. दुसऱ्या प्रयत्नात क्रमांक बराच पुढे आला असेल, मुलीची जिद्द कायम असेल, घरची ओढाताण होत नसेल, तर आणखी एक वर्ष द्यायला हरकत नाही. पण क्रमांक जागच्या जागी असेल, सराव चाचण्यांतही तेच गुण येत असतील, झोप उडाली असेल, मैत्रिणींचे फोन घेणे बंद झाले असेल, तर थांबण्यातच शहाणपण आहे. थांबणे म्हणजे हरणे नव्हे.

प्रयत्नांची संख्या आणि शेवटची तारीख वर्षाच्या सुरुवातीलाच सगळ्यांनी मिळून ठरवावी. निकालाच्या दिवशी घेतलेले निर्णय बहुधा रागाच्या किंवा रडण्याच्या भरात घेतलेले असतात. 'तुझ्यासाठी इतका पैसा ओतला' हे वाक्य तर कधीच बोलू नये. मूल फार गप्प झाले, जगण्याविषयी निराशेने बोलू लागले, तर वेळ न दवडता समुपदेशकाची मदत घ्यावी. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास आणि विनामूल्य आहे.

मुलींच्या बाबतीत आणखी एक अन्याय होतो. मुलाचे वर्ष गेले तर 'तयारी करतोय' आणि मुलीचे वर्ष गेले तर 'वय वाढतंय'. पर्यायी पदवी ही लग्न ठरेपर्यंतचा वेळ घालवण्याचे साधन नाही. तिच्या उभ्या आयुष्याचा तो पाया आहे, त्याच गांभीर्याने ती निवडली पाहिजे.

विचारून तर पाहा

त्या घरात रात्री जेवणे उरकल्यावर आईने टीव्ही बंद केला आणि लेकीजवळ जाऊन बसली. ''आमचं सगळ्यांचं झालं बोलून. आता तू सांग.'' मुलगी बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ''आई, मला केमिस्ट्री आवडते. फिजिक्सचा पेपर समोर आला की हात गार पडतात. पुन्हा वर्षभर घरी एकटी नाही बसायचंय मला.''

एप्रिलमध्ये तिने सीईटी दिली होती. तो अर्ज आईनेच फेब्रुवारीत आग्रह करून भरायला लावला होता, तेव्हा बाबा थोडे रागावलेही होते. त्या गुणांवर बी. फार्म.ला जवळच्या महाविद्यालयात नंबर लागण्यासारखा होता. बाबांनी कागद हातात घेऊन दोनदा वाचला. नीट पुन्हा द्यायची की नाही, हे संक्रांतीनंतर अर्ज सुटतील तेव्हा तिनेच ठरवायचे आणि तिने जे ठरवले त्यावर घरात कुणी वाद घालायचा नाही, असे ठरले.

दुसऱ्या दिवशी आत्याचा फोन आला. ''मग काय, डॉक्टर व्हायचं राहिलंच म्हणायचं का?''

''ते ती ठरवेल,'' आई म्हणाली. ''सध्या कॉलेजला चाललीये. काल रात्री महिन्याभरानं पहिल्यांदा पोटभर जेवली.''